करंगळीसाठी हँडल: प्रकल्प नोंदी

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

खडकवासल्याहून सायकलवर परत येताना राजाराम पुलाजवळ थांबावं लागलं. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू, दोन्ही उसनी आणल्यासारखी. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरेना. कोथरूड ते धरण आणि परत, ३४ किलोमीटर. दोन वर्षं मी दर रविवारी हेच अंतर जाते. मुंग्या पूर्वीही यायच्या, हात झटकला की जायच्या. आज दुपारचं जेवण झालं तरी गेल्या नव्हत्या.

मी शाळेत चित्रकला शिकवते. हाताची करंगळीकडची कड कागदावर टेकते आणि तिच्या आधारानं रेघ निघते. त्या कडेला कागद लागलाच नाही तर पेन्सिलीवर किती भार द्यायचा हे हाताला कळत नाही. त्यामुळे हे दुखणं अंगावर काढायचं नाही, असं ठरवलं आहे. जानेवारीत पानशेतला जायचं, जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला फळ्यावर हात नेहमीसारखा चालला पाहिजे.

पद्धत अशी: वहीच्या प्रत्येक पानावर दोन्ही हातांची बाह्यरेषा काढून ठेवायची. सायकलवरून उतरल्यावर लगेच, हात धुवायच्याही आधी, जिथे बधिर वाटतंय तिथे २बी पेन्सिलनं छटा द्यायची. जास्त बधिर तिथे गडद. कितव्या मिनिटाला सुरू झालं ते बाजूला लिहायचं. आणि एका वेळी एकच बदल.

आजचं पान: उजवा हात गडद, डावा फिकट. सुरुवात ४० व्या मिनिटाला.

सायकलीची माहिती एकदाच लिहून ठेवते. हायब्रिड, ॲल्युमिनियम फ्रेम, ७०० बाय ३५ चे टायर, व्ही-ब्रेक. हँडल सरळ, ६४० मिमी रुंद, मध्ये स्टेमच्या (हँडल सायकलला जोडणाऱ्या आखूड दांड्याच्या) पकडीत ३१.८ मिमी आणि मुठीपाशी २२.२ मिमी जाड. मुठी कंपनीच्याच, काळ्या रबराच्या, आता गुळगुळीत झालेल्या.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

मावसबहीण फिजिओथेरपिस्ट आहे. वही तिला दाखवली. छटा बघताच ती म्हणाली, "अगं, ही तर अल्नर नसेची हद्द आहे. तू नकाशाच काढून आणलास." तिने माझ्या तळहाताची करंगळीकडची टाच अंगठ्यानं दाबली. तिथे वाटाण्याएवढं एक हाड लागतं. त्याला लागून एका अरुंद बोगद्यातून ही नस बोटांकडे जाते. फेलिक्स गियाँ नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ मध्ये त्या बोगद्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला गियाँचंच नाव आहे. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती हीच नस. सायकल चालवताना हँडलची दांडी नेमकी त्या बोगद्यावर टेकते. त्यात मनगट मागे वाकलेलं असेल तर नस ताणलीही जाते आणि चेंगरतेही.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू यांची नस वेगळी. तिचं नाव मीडियन. ती मनगटाच्या मधोमध कार्पल टनेलमधून जाते. म्हणून कुठलं बोट बधिर होतं ते आधी बघायचं, मग उपाय.

तिने दोन तपासण्या केल्या. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरायला लावून तो ओढला. अंगठ्याचं टोक वाकवावं न लागता मला तो धरता आला. मग बोटं फाकवायला सांगून करंगळी बाहेरून आत ढकलली. ताकद शाबूत आहे. मात्र बोटं अशक्त वाटली किंवा विश्रांती घेऊनही बधिरपणा उरला तर सायकल ठेवून डॉक्टरकडे जायचं, हे तिने बजावून सांगितलं. वहीच्या पहिल्या पानावर ते लाल शाईनं लिहिलं आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

संध्याकाळी भाच्याला बोलावलं. सायकल भिंतीलगत उभी केली, बाबांनी मागचं चाक गुडघ्यांत धरलं, मी नेहमीसारखी बसले आणि भाच्याने बाजूने फोटो काढले. बाबा मध्येच म्हणाले, "थांब गं जरा," आणि उजवा हात दोन-तीनदा झटकून पुन्हा धरला.

फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा मारल्या. विद्यार्थ्यांना मानवाकृती शिकवताना आधी हाडांची काडी-आकृती काढायला सांगते, तसंच. आकृती बघितल्यावर ग्रिप, म्हणजे मुठी, बदलण्याचा विषय काही दिवस बाजूला ठेवला. मनगट मागे वाकलेलं आहेच, पण त्याआधी सगळं धडच पुढे ओघळलं आहे. कोपरं ताठ, खांदे कानांपाशी. सीटवर गवंड्याची लेव्हल ठेवली तर बुडबुडा मागे पळाला. सीटचं नाक मागच्या कडेपेक्षा जवळजवळ दीड सेंटिमीटर खाली! गेल्या उन्हाळ्यात टोचतंय म्हणून मीच ते वाकवलं होतं. म्हणजे दोन वर्षांतले शेवटचे सहा-सात महिने मी उतारावर बसून पुढे घसरत होते, आणि घसरू नये म्हणून हातांनी स्वतःला मागे रेटत होते.

हँडल सीटपेक्षा साडेचार सेंटिमीटर खाली आहे, हेही लिहून ठेवलं. त्याचं नंतर.

रविवार, १७ नोव्हेंबर

बदल एकच: सीट लेव्हलमध्ये. सीटखालचा बोल्ट ढिला करून नाक वर घेतलं आणि पुन्हा घट्ट केला, पाच मिनिटांचं काम. खडकवासला ३४ किलोमीटर. मुंग्या ७० व्या मिनिटाला. छटा मधल्या गडदपणाची, आणि डावा हात पूर्ण कोरा.

मावसबहिणीने सांगितलेली हात उचलून बघायची चाचणीही केली. रिकाम्या, सपाट रस्त्यावर बेताच्या वेगात पेडल मारत असताना तळवे हँडलवरून दोन सेंटिमीटर वर उचलायचे. धड पुढे कोसळत असेल तर हात खांबाचं काम करत आहेत. गेल्या आठवड्यात मी कोसळले असते. आज तीन-चार पेडलं तरंगता आलं, पोटाला मात्र ताण जाणवला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

निवडणुकीची ड्यूटी. परवापासून सायकलला हात लावलेला नाही. मतदान केंद्रावर दिवसभर लिहूनही करंगळी ठीक. म्हणजे लिहिण्या-काढण्याचा यात दोष नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

बदल: ब्रेकचे लिव्हर. ते जमिनीला जवळजवळ समांतर लावलेले होते. त्यामुळे बोटं लिव्हरवर ठेवायची म्हटलं की मनगट वर उचलून मागे दुमडावं लागायचं. आणि शहरात बोटं लिव्हरवरून निघतात कधी? नळस्टॉपपासून डेक्कनपर्यंत मी निम्मा वेळ ब्रेकवरच असते. ५ मिमीच्या ॲलन कीनं पकड ढिली केली, सायकलवर बसून खांदा, कोपर, मनगट आणि बोटं एका रेषेत येईपर्यंत लिव्हर खाली फिरवले. साधारण ४० अंश झुकले.

दुसरी गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती, आणि लहान हातांच्या प्रत्येकीला ती माहीत असायला हवी. लिव्हरच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर मुठीच्या जवळ येतो. माझा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १७ सेंटिमीटर. कारखान्यातून आलेला लिव्हर गाठायला मला तळहात दांडीवर पुढे सरकवावा लागायचा, आणि तो टेकायचा नेमका त्या वाटाण्याच्या हाडावर. स्क्रू तीन फेरे आत घेतला. आता पहिली दोन बोटं ताणावी लागत नाहीत. लिव्हर जवळ घेतल्यावर ब्रेक पूर्ण दाबून बघायचा. मुठीला टेकण्याआधी चाक अडकलंच पाहिजे. माझं मागचं चाक उशिरा अडकत होतं, म्हणून केबल थोडी ओढून घेतली.

एकाच दिवशी दोन बदल झाले, पण ते एकमेकांपासून वेगळे करता येत नव्हते. खडकवासला. मुंग्या ८५ व्या मिनिटाला, म्हणजे घराजवळ.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

हवा. कोपऱ्यावर भरली की टायर दगडासारखा होतो. मीटर लावून पाहिलं तर ७५ पीएसआय. टायरच्या बाजूवर ५० ते ७५ छापलेलं आहे. माझं वजन ५८ किलो. ५५ वर आणलं. शाळेच्या रस्त्यावरचे पेव्हर ब्लॉक आधी दातांपर्यंत कळायचे, आता फक्त हातांना कळतात.

रविवार, १ डिसेंबर

आता ग्रिप. खरं तर लोकांनी मला पहिल्या दिवसापासून हेच सुचवलं होतं: जेलची मऊ ग्रिप घे, सगळं थांबेल. घेतली. जाड, बोटानं दाबली की खड्डा पडणारी. दुकानात हातात धरल्यावर उशीसारखी वाटली.

५० व्या मिनिटाला मुंग्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून कमावलेलं बरंचसं एका मऊ मुठीनं परत घेतलं. परत येताना धायरी फाट्याजवळ थांबून ती बराच वेळ दाबून बघितली. तळहाताचा भार जेलमध्ये बुडतो. हाडाखालचं जेल बाजूला सरकतं आणि दोन उंचवट्यांच्या मधल्या खळग्यात वर येतं. नस त्याच खळग्यातून जाते. म्हणजे हाडांनी पेलायचा भार ही मूठ मांसाला आणि नसेला वाटून देते. शिवाय जाडी वाढल्यामुळे माझी बोटं पुरी मिटत नाहीत. निसटू नये म्हणून मी जास्त आवळून धरते, तो ताण वेगळाच.

मोठ्या पंजाच्या माणसाला जाड मूठ सोयीची असू शकते. माझ्यासारखीला ३० मिमीच्या आसपास बरं पडतं. हे मापायला सोपं आहे. मूठ धरल्यावर मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या मुळाशी जेमतेम टेकावं. नखं तळव्यात रुतली तर मूठ बारीक, टेकलंच नाही तर जाड.

जेलची मूठ काढण्यासाठी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेले. रबराची मूठ ओढून कधीच निघत नाही. त्यांनी हवेच्या नळीचं तोंड मुठीच्या कडेत घातलं, एकदा फुस्स केलं आणि मूठ साबणासारखी हातात आली. चढवायची तर दांडी स्पिरिटनं पुसून, ओली असतानाच सरकवायची. स्पिरिट उडून जातं आणि मूठ चिकटून बसते. तेल किंवा ग्रीस कधीही नाही, नाहीतर ऐन उतारावर मूठ हातात येईल. काका म्हणाले, "ताई, मूठ शेवटी बदला. आधी दांडी बघा. तुमचा हात वाकडा पडतोय."

रविवार, ८ डिसेंबर

काकांचं वाक्य आठवडाभर डोक्यात होतं. आज घरी पेन्सिलींचा प्रयोग केला. दोन्ही मुठींत एकेक लांब पेन्सिल सैल धरली. डोळे मिटून, सायकलवर असल्यासारखी कोपरं किंचित वाकवून, हात पुढे केले. डोळे उघडले. सरळ हँडल माझ्या हातांना जुळत असतं तर दोन्ही पेन्सिली एका रेषेत यायला हव्या होत्या. त्या रुंद, उघड्या व्ही अक्षरासारख्या होत्या: अंगठ्याकडची टोकं पुढे, करंगळीकडची मागे. हात न हलवता टेबलावर टेकवले, भाच्याने रेघा आखल्या, कोनमापकानं मोजलं. डावीकडे १७ अंश, उजवीकडे २१. माझ्या हँडलचं मागचं वळण ५ अंश आहे. हा फरक मनगट बाजूला मुरडून भरून काढतं, आणि उजव्या मनगटाला तो जास्त भरावा लागतो. वहीतली उजव्या हाताची गडद छटा आठवली आणि मी ते आकडे दोनदा अधोरेखित केले.

मग खाली जाऊन बाबांच्या काळ्या ॲटलसवर बसले. ती १९७८ ची, सळईच्या ब्रेकची. त्या हँडलची टोकं इतकी मागे वळलेली आहेत की हात पेटीच्या भात्यावर ठेवल्यासारखे येतात. पाठ सरळ, मनगट सरळ, तळव्यावर भार जवळजवळ नाहीच. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा बहुतेक सगळे याच दांड्यांवर हात ठेवून कामाला जात असणार. दुपारी कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात गेले आणि फक्त हँडलंच बघितली, रेखाटनं केली. किती तऱ्हेची वळणं! पोस्टमन, दूधवाला, कॉलेजचा मुलगा, कोण किती वाकून बसत असेल हे नुसत्या दांडीवरून ओळखता येतं.

बाबांना विचारलं, तुमचा हात कधी बधिर होतो का? "सायकलवर? छे," म्हणाले.

बुधवार, ११ डिसेंबर

शाळा सुटल्यावर नाना पेठ आणि आणखी दोन दुकानं. पाहिलेलं लिहिते.

ॲटलसचं हँडल तसंच उचलून लावता येत नाही. सळईच्या ब्रेकचे लिव्हर त्याला कायमचे जोडलेले असतात. लिव्हर नसलेलं, तसंच वळलेलं लोखंडी हँडल मिळतं, पण त्याची मधली जाडी २५.४ मिमी आणि माझ्या स्टेमची पकड ३१.८ ची. मध्ये घालायला ॲल्युमिनियमची अर्धगोल तयार रिंग मिळते, तीच वापरायची. पत्रा कापून गुंडाळणारेही भेटले. हँडल हातात फिरलं तर तोंडावर पडायचं, त्यामुळे नको. शिवाय इतकं मागे वळलेलं हँडल मुठी दहा-बारा सेंटिमीटर मागे आणतं. हायब्रिडवर मग गुडघा दांडीला लागतो, आणि चढावर पुढे झुकून जोर लावायला जागाच उरत नाही. ॲटलसची फ्रेम त्या हँडलसाठीच लांब बांधलेली असते.

गळासारखं वाकलेलं ड्रॉप हँडल मला आवडतं. त्यावर हात ठेवायच्या तीन-चार जागा असतात. पण त्याची नळी २३.८ मिमीची. माझे लिव्हर आणि गिअरचे शिफ्टर २२.२ साठीचे, त्यावर चढत नाहीत. ते सगळं बदलायचं म्हणजे अर्धी सायकल बदलणं. फुलपाखराच्या आकाराचं लांब पल्ल्याचं हँडल २२.२ चंच असतं. ते एका दुकानात होतं, छान होतं, पण माझ्या खांद्यांना फार रुंद.

शेवटी मिळालं ते ॲल्युमिनियमचं, ३१.८ मध्ये, २२.२ टोकांना, ६६० रुंद, किंचित उंचवटा आणि मागचं वळण २५ अंश. दुकानदार त्याला कम्फर्ट हँडल म्हणत होता. पेन्सिलीच्या मापाचा कागद सोबत नेला होता, तो त्यावर ठेवून पाहिला. जवळजवळ बसला. बाराशे रुपये.

रविवार, १५ डिसेंबर

काकांकडे बसवलं. माझं काम पाने देण्याचं आणि बघण्याचं. लिव्हर-शिफ्टर काढायच्या आधी त्यांच्या जागा खडूनं खुणावल्या. पुढच्या झाकणाचे चार बोल्ट आळीपाळीनं, तिरक्या जोडीनं आवळायचे. वर-खालची फट सारखी राहिली पाहिजे. एका बाजूने पूर्ण आवळलं तर ॲल्युमिनियम तिथे दबतं आणि एक दिवस तडकतं. बोल्ट किती जोरानं आवळायचे ते स्टेमवर छापलं होतं: ५ न्यूटन मीटर. काकांकडे तो जोर मोजणारा टॉर्कचा पाना नाही, माझ्या भावाचा नेला होता. तो बघून ते खूश झाले, शेजारच्या दोन सायकलींचेही बोल्ट त्यानं तपासले.

टोकं मागे आल्यामुळे मागच्या ब्रेकच्या केबलला फास पडायला लागला. केबलचं बाहेरचं आवरण चार सेंटिमीटर कापून नीट केलं. मुठी आता पाच सेंटिमीटर जवळ आल्या आहेत. मुठी सध्या जुन्याच, गुळगुळीत रबराच्या. मुद्दाम.

दुपारी चार वाजता खडकवासला. चौपाटीवर गर्दी, कणसाचा धूर. घरी पोचले तेव्हा १०० मिनिटं झाली होती आणि उजव्या करंगळीच्या फक्त टोकाला किंचित मुंग्या. वहीत पेन्सिल टेकवायला पहिल्यांदाच जागा शोधावी लागली.

रविवार, २२ डिसेंबर

स्टेम उलटवला. तो १०० मिमी लांब, ६ अंशांचा, खाली झुकवून लावलेला होता. उलटा केला की साधारण दोन सेंटिमीटर उंची फुकट मिळते. इथे क्रम महत्त्वाचा: बसवताना आधी वरच्या टोपीचा बोल्ट, फक्त हेडसेटमधला (हँडलखालच्या बेअरिंगमधला) ढिलेपणा जाईपर्यंत. मग हँडल चाकाशी सरळ करून बाजूचे दोन. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवायची. कटकट आवाज आला तर पुन्हा पहिल्यापासून.

मान मोकळी झाली. हातात फारसा फरक नाही. आजवरचा सर्वांत कमी उपयोगी बदल हाच, पण मागे वळून वाहनं बघणं सोपं झालं. कर्वे रस्त्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

बुधवार, २५ डिसेंबर

नाताळची सुट्टी, नव्या मुठी. पंखवाल्या, मागे चपटा रुंद आधार असलेल्या. एर्गॉन कंपनीने हा आकार सगळीकडे ओळखीचा केला. माझ्या त्याच धर्तीच्या आहेत, लहान मापाच्या, साडेआठशेच्या. आतल्या कडेला रिंग आणि तिला ॲलन बोल्ट. ही रिंग हवीच. नुसत्या रबरावर बसणारी पंखवाली मूठ फिरते, आणि फिरलेला पंख नसलेल्या पंखापेक्षा वाईट.

तासभर गेला तो पंखाच्या कोनात. पंख वर उचलला की मनगट मागे दुमडतं. खाली पाडला की तळवा अधांतरी. सायकलवर बसून, डोळे मिटून, हात सैल टेकवून दोन-दोन अंशांनी फिरवत गेले. बरोबर जागा आली ते असं कळलं: दांडी कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो हे जाणवेनासं झालं. तिथे पांढऱ्या रंगाची बारीक खूण केली आहे. पंख कडक आहे, त्यामुळे भार करंगळीकडच्या अख्ख्या टाचेवर पसरतो, एका हाडावर साचत नाही. जेलच्या मुठीत हेच नव्हतं.

रविवार, २९ डिसेंबर

सिंहगड. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरपर्यंत न थांबता. चढताना हात सैल राहिले, मुठी नुसत्या धरायला. खरी परीक्षा उतरताना असते. इतका वेळ ब्रेक धरून उतरायचं म्हणजे पंजा आखडतो. लिव्हरचा स्क्रू आत घेतल्याचं आज सार्थक झालं. दोन बोटांनी पूर्ण घाट उतरले. ब्रेक सतत चोळत न ठेवता वळणाआधी जोरात आणि मग मोकळा, असं केलं की रिमही थंड राहतात आणि बोटांना मधूनमधून सुट्टी मिळते.

पान: दोन्ही हात कोरे. खालच्या टपरीवर चहा घेताना ते पान मी पुन्हा उघडून बघितलं.

रविवार, ५ जानेवारी २०२५

६६० रुंद आहे हे उजव्या खांद्याच्या मागे कळत होतं. पण कापलेलं परत वाढत नाही, म्हणून आठवडाभर मुठी आणि लिव्हर दोन्हीकडून १५ मिमी आत सरकवून चालवलं, दांडीची टोकं उघडी ठेवून. बरं वाटलं. आज काकांकडे करवतीनं कापलं, कानशीनं कडा घासल्या, टोकांना बुचं लावली. उघडी नळी पडल्यावर पोटात घुसू शकते, बुचं विसरायची नाहीत. आता ६३०.

रविवार, १२ जानेवारी

पानशेत. सकाळी सहाला निघाले, बोटं थंडीनं आखडलेली, त्यामुळे पहिला अर्धा तास मुंग्या की गारठा ते कळेना. डोणजे फाटा सोडून सरळ पुढे, खानापूरला मिसळ. खानापूरच्या पुढे रस्ता धरणाच्या पाण्याकाठून जातो. वाऱ्यामुळे पाण्यावर बारीक तिरक्या रेघा उठत होत्या. थांबून एक रेखाटन केलं. हात कागदावर टेकला आणि कागद लागला.

एकूण ८१ किलोमीटर. परतीला वडगावच्या आसपास, साधारण चार तास झाल्यावर, उजव्या करंगळीत हलक्या मुंग्या. दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदलायचं ठरवलं होतं, आणि शेवटच्या तासात ट्रॅफिकमुळे ते राहिलं. हात दांडीच्या आतल्या बाजूला घेतला, पाच मिनिटांत गेल्या. आतल्या बाजूला आखूड बार-एंड (हात धरायचे छोटे दांडे) लावून तिसरी जागा करायची, हे पुढच्या यादीत.

सोमवार, १३ जानेवारी

पहिला तास, आठवी ब. फळ्यावर वर्तुळ मोकळ्या हातानं काढलं. बंद झालं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देऊन झाल्यावर बाबांनी वही मागितली. पहिल्या पानापासून सावकाश बघितली, शेवटच्या कोऱ्या हातांवर थांबले आणि म्हणाले, "माझाही हात काढ."

त्यांचा उजवा हात कागदावर ठेवून बाह्यरेषा काढली, पेन्सिल त्यांच्याकडे दिली. त्यांनी अंगठा भरला, तर्जनी भरली, मधलं बोट भरलं. करंगळी कोरी ठेवली. कधी होतं विचारलं तर म्हणाले, पहाटे. झोपेतून उठवतं. हात झटकला की जातं. वर्ष झालं असेल.

सायकलवर नाही, म्हणूनच त्या दिवशी "छे" म्हणाले होते. ही माझ्या नसेची हद्द नाही, मनगटाच्या मधल्या बोगद्याची आहे, आणि रात्री होतं म्हणजे ॲटलसच्या हँडलचा त्यात काही संबंध नसावा. मावसबहिणीला पानाचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला: डॉक्टरला दाखवायलाच हवं, तोपर्यंत रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा. शुक्रवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. बाबा म्हणतात, सायकलनेच जाऊ.